नातेवाईक म्हणून सही कोण करणार?

क्योतो शहराच्या पश्चिमेला, सागानो भागात, ओगुरा डोंगराच्या उतारावर जोजाक्को-जी नावाचं बौद्ध मंदिर आहे. शरद ऋतूत तिथल्या मेपलची पानं लाल होतात तेव्हा बघायला येणाऱ्यांची रीघ लागते. त्याच आवारात १९७९ साली उभारलेली एक शिळा आहे. एकटीनं जगलेली स्त्री इथं शांततेची आस धरते आहे, अशा अर्थाचा मजकूर तिच्यावर इचिकावा फुसाए यांच्या हस्ताक्षरात कोरलेला आहे. जपानी स्त्रियांना मताचा हक्क मिळावा म्हणून हयातभर झगडलेल्या आणि पुढे संसदेच्या वरिष्ठ सभागृहात निवडून गेलेल्या इचिकावा स्वतः अविवाहित होत्या.

दुसऱ्या महायुद्धात जपानचे सुमारे २३ लाख सैनिक आणि सैन्यासोबतचे कर्मचारी मरण पावले. एका पिढीच्या मुलींची लग्नं ज्यांच्याशी झाली असती, त्यांतले कित्येक परतलेच नाहीत. या मुलींनी मग नोकऱ्या धरल्या, म्हाताऱ्या आईवडिलांचं केलं, धाकट्या भावंडांची लग्नं लावून दिली. पन्नाशी जवळ आली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की देशाच्या कुठल्याच नियमात त्यांच्यासाठी जागा नाही. सार्वजनिक भाड्याचं घर हवं तर सोबत कुटुंब असलं पाहिजे, असा नियम होता. एकट्या वृद्धांना आणि पन्नाशी ओलांडलेल्या एकट्या स्त्रियांना तिथं शिरकाव मिळाला तो १९८० च्या दुरुस्तीनंतर. मेल्यावर कुठं ठेवणार, हाही प्रश्नच होता. जपानी घराण्याचं थडगं पिढ्यान्‌पिढ्या थोरल्या मुलाच्या वंशाकडे चालत जातं. लग्न न झालेल्या बहिणीच्या अस्थींना त्यात जागा मिळणार की नाही, हे भाऊ-भावजयीच्या मनावर. १९६७ साली अशा स्त्रियांनी आपली संघटना बांधली आणि त्या चळवळीतूनच क्योतोची ही शिळा उभी राहिली. युद्धात मेलेल्यांचं स्मरण आणि आपल्या स्वतःच्या मरणाची सोय, अशा दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच जागी केल्या.

या स्त्रिया लोकसंख्येच्या तक्त्यातही स्पष्ट दिसतात. जपानचे लोकसंख्याशास्त्रज्ञ ४५ ते ४९ आणि ५० ते ५४ या दोन वयोगटांतलं कधीच लग्न न झालेल्यांचं प्रमाण घेतात आणि त्याची सरासरी काढतात. पन्नाशीनंतर पहिलं लग्न करणारे थोडे, म्हणून हा आकडा आजन्म अविवाहितांचा अंदाज मानला जातो. १९५० साली तो पुरुषांत १.५ टक्के आणि स्त्रियांत १.४ टक्के होता. म्हणजे लग्न न झालेला माणूस गावात शोधावा लागेल अशी स्थिती. १९७० साली पुरुष १.७ वरच होते, पण स्त्रिया ३.३ वर गेल्या आणि १९८० साली ४.५ वर. १९८० मध्ये पन्नाशीच्या आसपास असलेल्या या स्त्रिया युद्ध संपलं तेव्हा शाळकरी किंवा विशीच्या उंबरठ्यावरच्या मुली होत्या. पस्तीस वर्षांपूर्वीचं युद्ध असं एका टक्केवारीत उमटलं.

त्यानंतर मात्र आकडे उलटे फिरले. १९९० साली पुरुष ५.६ टक्क्यांवर जाऊन स्त्रियांच्या पुढे गेले. २००० साली ते १२.६ वर होते आणि २०२० साली २८.३ वर. स्त्रियांचं प्रमाण त्या वर्षी १७.८ टक्के होतं. पन्नाशीच्या दर चार जपानी पुरुषांत एकाहून जास्त जणांचं कधीच लग्न झालेलं नाही आणि यावेळी युद्ध झालेलं नाही. पुरुष आणि स्त्रियांमधल्या फरकाचं एक कारण असं, की मुळात मुलगे थोडे जास्त जन्मतात आणि आता ते जगतातही. दुसरं म्हणजे घटस्फोटित पुरुष दुसरं लग्न करतात तेव्हा वधू पुष्कळदा प्रथमच लग्न करणारी असते. त्यामुळे काही पुरुषांची दोन लग्नं होतात आणि काहींचं एकही होत नाही.

लग्न नको म्हणणाऱ्यांची पिढी आली, असं यावर सहज म्हटलं जातं. मला ते पटत नाही, कारण सरकारी पाहणी वेगळंच सांगते. २०२१ साली १८ ते ३४ वयाच्या अविवाहितांना विचारलं, तेव्हा ८० टक्क्यांहून अधिक मुलामुलींनी कधीतरी लग्न करायचं आहे असंच सांगितलं. लग्नाची इच्छा टिकून राहिली. लग्न जुळवणारी माणसं मात्र गेली. आपल्या बघण्याच्या कार्यक्रमासारखा जपानमध्ये 'ओमिआई' असे. नात्यातली, शेजारची किंवा गावातली कोणी वडीलधारी बाई दोन घरांमध्ये फोटो आणि माहिती पोचवायची. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रेमविवाहांची संख्या ठरवून केलेल्या लग्नांच्या पुढे गेली. पण त्या प्रेमविवाहांमागेही एक अदृश्य मध्यस्थ होता, तो म्हणजे कंपनी. आयुष्यभराची नोकरी, कार्यालयातल्या सहली, एकत्र जेवणं, आणि लग्नात मानाचा मध्यस्थ म्हणून वरिष्ठ साहेब आणि त्यांची पत्नी. इवासावा मिहो आणि मिता फुसामी या संशोधकांनी २००५ साली हिशेब मांडला. १९७० च्या दशकापासून पहिल्या लग्नांच्या दरात झालेली सुमारे निम्मी घट ठरवून होणारी लग्नं कमी झाल्यामुळे होती आणि आणखी सुमारे ४० टक्के घट कामाच्या ठिकाणी जुळणारी लग्नं कमी झाल्यामुळे. समाजानं जुळवाजुळवीचं काम सोडलं आणि ज्याचं त्यानं बघावं असं ठरलं, तेव्हा बुजरे, कमी कमावणारे, आईवडिलांच्या आजारपणात अडकलेले असे लोक मागे राहिले.

कमी कमावणारे हा शब्द मी जाणून वापरतो आहे. १९९० च्या सुरुवातीला जपानी अर्थव्यवस्थेचा फुगा फुटला आणि साधारण १९९३ ते २००४ या काळात शिक्षण संपवून बाहेर पडलेल्यांना कायम नोकऱ्या मिळाल्या नाहीत. या वर्षांना जपानमध्ये नोकऱ्यांचं हिमयुग म्हणतात. कंत्राटी, तात्पुरती, अर्धवेळ कामं करत ही मुलं तिशी-चाळिशीला आली. २०१७ च्या पाहणीत ३० ते ३४ वयाच्या कायम नोकरीतल्या पुरुषांपैकी सुमारे ५९ टक्क्यांची लग्नं झालेली होती, तर हंगामी-कंत्राटी कामावरच्या पुरुषांपैकी सुमारे २२ टक्क्यांचीच. नवऱ्यानं घर चालवायचं ही अपेक्षा तशीच राहिली आणि घर चालवता येईल असं काम मात्र मिळेना. ही पिढी आता पन्नाशीत शिरली आहे.

स्वीडनमध्ये निम्म्याहून अधिक मुलं लग्नाबाहेर जन्मतात. तिथं लग्न न झालेल्या माणसाला जोडीदार असतो, मुलं असतात, नातवंडंही असतात. जपानमध्ये लग्नाबाहेरच्या जन्मांचं प्रमाण दोन-तीन टक्क्यांच्या आसपास आहे. त्यामुळे तिथला अविवाहित म्हातारा जवळजवळ नेहमीच निपुत्रिक असतो. तो स्वतः एकुलता एक किंवा दोन भावंडांतला असेल, तर भाचे-पुतणेही थोडेच.

जपानच्या राष्ट्रीय लोकसंख्या संस्थेनं २०२४ साली पुढचा अंदाज प्रसिद्ध केला. २०५० साली देशातल्या ४४.३ टक्के घरांत एकच माणूस राहत असेल. पासष्टीच्या पुढच्या पुरुषांपैकी २६.१ टक्के आणि स्त्रियांपैकी २९.३ टक्के एकटे राहतील. खरा बदल याच्या पुढच्या आकड्यात आहे. २०२० साली एकट्या राहणाऱ्या वृद्ध पुरुषांपैकी ३३.७ टक्के कधीच लग्न न झालेले होते. २०५० साली ते प्रमाण ५९.७ टक्के होईल, स्त्रियांमध्ये ते ११.९ वरून ३०.२ वर जाईल. आजवर एकटा म्हातारा म्हणजे विधुर, आणि त्याचा मुलगा ओसाकात किंवा नागोयात, असं चित्र होतं. त्या मुलाला फोन करता येत होता.

खाऊपिऊ घालायला कोणी नाही म्हणून म्हातारपणी हाल होतील, अशी भीती सगळ्यांनाच असते. जपाननं त्या भीतीवर बऱ्यापैकी उत्तर काढलं आहे. एप्रिल २००० पासून तिथं शुश्रूषा विमा सुरू झाला. वयाच्या चाळिशीपासून प्रत्येकानं हप्ता भरायचा. पुढे गरज पडली की मोजमाप होतं ते त्या व्यक्तीच्या प्रकृतीचं. घरात सून आहे की नाही, हे विचारलं जात नाही. अंघोळ घालायला, स्वयंपाक करायला माणूस घरी येतो, दिवसभराच्या शुश्रूषा केंद्रात गाडीनं नेऊन आणतात. समाजशास्त्रज्ञ उएनो चिझुको यांनी २००७ साली एकट्या बाईच्या म्हातारपणावर पुस्तक लिहिलं आणि ते प्रचंड खपलं, त्यामागे ही व्यवस्था उभी होती. लग्न झालेली असो वा नसो, जास्त जगणारी बाई शेवटी एकटीच राहते, तर तयारी आधीच करा, असं त्यांचं म्हणणं. मैत्रिणींचं जाळं राखून असलेल्या, स्वतःचं घर आणि निवृत्तिवेतन असलेल्या बाईला हे पटण्यासारखंच होतं. आयुष्यभर हंगामी काम केलेल्या माणसाच्या वाट्याला मात्र फक्त मूलभूत निवृत्तिवेतन येतं. पूर्ण ४० वर्षं हप्ते भरले तर २०२४ साली ते महिना ६८,००० येन होतं. त्यात भाडं जातं, मग बाकीचं.

शुश्रूषा मिळते. अडतं ते सहीपाशी. जपानमध्ये इस्पितळात दाखल होताना, वृद्धाश्रमात जागा घेताना, घर भाड्यानं घेताना जामीनदार मागतात. बिल थकलं तर भरणारा, शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टरांशी बोलणारा, आणि मृत्यू झाला तर देह ताब्यात घेऊन खोली रिकामी करून देणारा, अशी तीन-चार कामं त्या एका नावावर असतात. ते नाव मुलाचं किंवा भावाचं असेल असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं आहे. केवळ जामीनदार नाही म्हणून रुग्णाला नाकारता येणार नाही, असं आरोग्य मंत्रालयानं २०१८ साली इस्पितळांना लेखी कळवलं. तरी अर्जावरचा तो रकाना काही गेला नाही. २००० सालीच प्रौढ पालकत्वाचा कायदाही आला, त्याखाली न्यायालय पालक नेमतं. पण हा पालक पैशांचे व्यवहार करू शकतो, करार करू शकतो, उपचाराला संमती देण्याचा अधिकार मात्र त्याला नाही. घरमालकांचं म्हणणंही समजून घ्यावं लागतं. एकटा भाडेकरू खोलीत मेला, आठवड्यानं कळलं, सामान कोणाचं ते ठरेना, तर ती खोली कित्येक महिने अडकते. म्हणून सत्तरीच्या माणसाला घर नाकारलं जातं, खिशात पैसे असले तरी.

जिथं गरज असते तिथं धंदा येतो. पैसे भरून घेऊन जामीन राहणाऱ्या, इस्पितळात सोबत जाणाऱ्या, अंत्यविधी आणि आवराआवर करणाऱ्या संस्था निघाल्या. त्यांतली निहोन लाइफ क्योकाई ही मोठी संस्था वृद्धांनी अंत्यविधीसाठी ठेवलेल्या ठेवी दुसरीकडे वापरून बसली आणि २०१६ साली बुडाली. मेल्यानंतर पुरवायच्या सेवेचे पैसे आधी घेतले जातात आणि सेवा मिळाली की नाही हे तपासायला गिऱ्हाईक हयात नसतं. याहून जास्त देखरेखीची गरज असलेला व्यवसाय मला तरी सुचत नाही. तरीही सरकारची मार्गदर्शक तत्त्वं आली ती थेट २०२४ साली.

त्या आधी वाट दाखवली ती एका नगरपालिकेनं. तोक्योच्या दक्षिणेला योकोसुका हे नौदलाच्या तळाचं शहर आहे. तिथल्या पालिकेकडे बेवारस अस्थिकलश वाढत चालले होते आणि त्यांतल्या बहुतेकांवर नावं होती. पूर्वी बेवारस म्हणजे ओळख न पटलेला वाटसरू. आता माणसाचं नाव, पत्ता, वय सगळं ठाऊक असतं, फक्त घेऊन जायला कोणी येत नाही. कधी नातेवाईक असतातही, पण सापडत नाहीत. पूर्वी कारकून टेलिफोनच्या पुस्तकात आडनाव शोधून फोन लावत. मोबाइल आल्यापासून ते पुस्तकच निरुपयोगी झालं आणि नंबर मेलेल्याच्या कुलूपबंद फोनमध्ये राहिले. एका वृद्धानं तर दहनासाठी दीड लाख येन बाजूला ठेवून, मला न्यायला कोणी नाही, माझी सोय करा, अशी विनंती लिहून ठेवली होती. ती चिठ्ठी हाती लागली तेव्हा सरकारी खर्चानं दहन होऊन गेलेलं होतं.

२०१५ साली योकोसुकानं एक योजना सुरू केली. कमी उत्पन्नाच्या एकट्या वृद्धानं सुमारे दोन लाख येन भरून अंत्यविधी करणाऱ्या व्यावसायिकाशी जिवंतपणीच करार करायचा. कुठल्या मंदिरात, कोणत्या पद्धतीनं, कोणाला कळवायचं, सगळं लिहून ठेवायचं. पालिकेचे लोक हयातीत अधूनमधून भेटून जातात आणि मृत्यूनंतर करार पाळला गेला की नाही ते बघतात. २०१८ पासून दुसरी नोंदणी सुरू झाली, ती श्रीमंत-गरीब, तरुण-म्हातारे सगळ्यांसाठी आणि फुकट. अडचणीच्या वेळी कोणाला कळवायचं, मृत्युपत्र कुठे ठेवलं आहे, थडगं कुठे आहे, एवढीच माहिती पालिकेकडे द्यायची. इस्पितळानं किंवा पोलिसांनी विचारलं की पालिका ती सांगते. या छोट्याशा नोंदवहीचं मोल मला मोठमोठ्या धोरणांपेक्षा अधिक वाटतं. एकटं राहण्याची निवड ती चूक ठरवत नाही, आणि तरीही त्या माणसाचं नाव कोणाच्या तरी दप्तरी आहे.

दप्तरी नाव असूनही मरण कळत नाही, हा वेगळा प्रश्न. तोक्योजवळच्या मात्सुदो शहरात तोकिवादाइरा नावाची १९६० च्या सुमाराला उभी राहिलेली प्रचंड वसाहत आहे. २००० च्या सुमारास तिथं एकट्या राहणाऱ्या एका पुरुषाचा सांगाडा सापडला. तीन वर्षं भाडं आणि विजेचं बिल बँकेतून आपोआप जात राहिलं, शिल्लक संपली तेव्हा कोणीतरी दार उघडलं. त्या धक्क्यातून रहिवाशांनी चळवळ उभी केली आणि शंभर येन देऊन दिवसभर बसता येईल अशी गप्पांची खोली उघडली. जपानच्या पोलिसांनी २०२४ साली प्रथमच वर्षभराची मोजणी केली, तेव्हा एकट्यानं राहताना घरात मरण पावलेले ७६,०२० लोक निघाले. त्यांतले ५८,०४४ पासष्टीचे किंवा त्याहून मोठे होते. एकटं मरण म्हणजे वाईट मरण असं मी मानत नाही. झोपेत, आपल्या घरात, आपल्या अंथरुणात जाणं अनेकांना हवंच असतं. वाईट आहे ते आदल्या दोन आठवड्यांत त्याच्याशी कोणी बोललेलं नसणं. २०१७ च्या पाहणीत एकट्या राहणाऱ्या वृद्ध पुरुषांपैकी १५ टक्के दोन आठवड्यांत फार तर एकदा कोणाशी बोलत होते. एकट्या वृद्ध स्त्रियांत हे प्रमाण सुमारे ५ टक्के होतं. नोकरी सुटली की पुरुषाची सगळी ओळख सुटते, हे आपल्याकडच्या निवृत्तांनाही सांगायला नको.

आपल्याकडे लग्न अजून जवळपास सगळ्यांचं होतं आणि न झालेली आत्या किंवा काका भावाच्या घरात सामावून जातात, निदान जात होते. पण डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जमलेल्या तरुणांनी नवरदेवाच्या वेशात, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला होता. शेतकरी मुलाला मुलगी मिळत नाही ही त्यांची तक्रार होती. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. ती मुलं आता वयात येत आहेत. कारणं जपानहून वेगळी, आणि शुश्रूषा विमा आपल्याकडे नाही. पेशंटबरोबर कोण आहे, हा प्रश्न मात्र आपल्या प्रत्येक इस्पितळाच्या खिडकीवर आजही पहिलाच विचारला जातो.

वारस नसलेल्यांचं मागे राहिलेलं धन जपानच्या तिजोरीत जमा होतं. २०१३ साली ते सुमारे ३,३६० कोटी येन होतं, २०२३ च्या आर्थिक वर्षात १०,१५० कोटींच्या आसपास गेलं. इतका पैसा मागे ठेवणारे लोक कोणाच्या आधारावर नव्हते हे उघड आहे. त्यांच्याकडे नव्हता तो फक्त कायद्याला मान्य असलेला माणूस. मृत्यूची नोंद कोणी करायची याची यादी जपानच्या कुटुंब नोंदणी कायद्यात आहे. तीत नातेवाईक आहेत, सोबत राहणारे आहेत, घरमालक आणि जमीनमालकही आहेत. चाळीस वर्षं रोज भेटणारा, पण वेगळ्या घरात राहणारा मित्र त्यात नाही. २०२० साली या यादीत एका नव्या माणसाची भर पडली. स्वतःच्या अखत्यारीत, शुद्धीवर असताना, पुढे मला सांभाळता आलं नाही तर माझे व्यवहार याने बघावेत, असा करार ज्याच्याशी सरकारी नोटरीसमोर केलेला असतो, त्याला आता मृत्यूची नोंद करता येते. हा माणूस नात्यातला असण्याची अट नाही. मैत्रीण चालते, शेजारी चालतो. करार मात्र स्मृती शाबूत असतानाच करावा लागतो, आणि त्यासाठी साठीच्या पुरुषाला कोणाचं तरी दार वाजवून हा विषय काढावा लागतो.